तेल कुठवर पोचतं?

आमच्या मळ्यातल्या विहिरीवर सहा हॉर्सपॉवरचं जुनं डिझेल इंजिन होतं. मध्ये एकच उभा सिलिंडर, दोन्ही अंगांना जड फ्लायव्हील. हँडल मारून एकदा लागलं की त्याचा ठोका वेशीपर्यंत ऐकू यायचा. एका उन्हाळ्यात त्याच्या कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग, ज्याला फिटर लोक बिगेंड म्हणतात, दोन महिन्यांत दोनदा गेलं. पहिल्या खेपेला सगळ्यांचं मत पडलं की तेल हलकं. चुलत्यांनी तालुक्याहून महागातला डबा आणला. तो घातल्यावरही बेअरिंग गेलं, तेव्हा शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावणं धाडलं.

मिस्त्रींनी डबा पाहिला नाही. इंजिनातलं तेल बोटावर घेऊन चोळलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "अण्णा, तेल चांगलंच आहे. पण जिथं पाहिजे तिथं ते पोचतंय का, ते बघू."

त्यांनी क्रँककेसचं बाजूचं दार उघडलं, मला बॅटरी धरायला लावली आणि फ्लायव्हील हातानं हळूहळू फिरवलं. रॉडच्या खालच्या कॅपला बोटाएवढा एक चमचा आवळलेला असतो. दर फेऱ्याला तो तळातल्या तेलातून जातो. चमचा पोकळ असतो. पुढं जाताना तो तोंडात तेल घेतो आणि ते तेल भोकावाटे वर चढून बेअरिंगमध्ये जातं. म्हणजे चमच्याचं तोंड तो ज्या दिशेनं जातो त्या दिशेला हवं. आमच्या इंजिनात ते मागं होतं. आधीच्या दुरुस्तीत कुणीतरी चमचा उलटा आवळला होता. तेल चारी बाजूंना भरपूर उडत होतं, आणि ज्या बेअरिंगसाठी ते उडवायचं, तेच कोरडं राहत होतं. बोल्ट ढिला करणं, चमचा फिरवणं, तारेनं भोक साफ करणं, पुन्हा आवळणं, याला अर्धा तास लागला. त्यानंतर ते इंजिन विकेपर्यंत बिगेंडला हात लावावा लागला नाही.

छोट्या इंजिनाचं वंगण सुधारायचं म्हटलं की माणूस आधी दुकानात जातो. मिस्त्रींचा प्रश्न आधी विचारावा असं माझं ठाम मत आहे, आणि या प्रकरणात मी तोच पुन्हा पुन्हा विचारणार आहे.

वंगण म्हणजे बुळबुळीतपणा, हा आपला बैलगाडीच्या कण्यापासूनचा समज. तो चूक नाही, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बीचम टॉवर या अभियंत्याच्या हाती जवळजवळ अपघातानं लागला. रेल्वेच्या डब्याच्या आसाला वरून बेअरिंग टेकलेलं असतं, तशी मांडणी करून तो घर्षण मोजत होता. आस खालून तेलात बुडालेला होता. वरून तेल सोडून पाहावं म्हणून त्यानं बेअरिंगला माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरू लागताच त्या भोकातून तेलच वर येऊन सांडू लागलं. त्यानं बूच ठोकलं, ते निघून आलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. शेवटी त्यानं दाबमापक लावला, तर त्याचा काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांची खूण ओलांडून गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार याच्या निम्मा होता.

याचा अर्थ असा की फिरणारा आस स्वतःच तेल ओढून घेतो, चिंचोळ्या फटीत कोंबतो, आणि त्या दाबावर सगळा भार तरंगतो. लोखंड लोखंडाला लागतच नाही. मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ मध्ये याचं गणित मांडलं. आज तेलाच्या थरावर तरंगणारं कुठलंही बेअरिंग त्याच समीकरणावर बेतलेलं असतं. तेलाचा हा थर काही मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा लहानसा अंश. पण तो टिकण्यासाठी तीन गोष्टी लागतात: वेग, तेलाचा दाटपणा आणि न तुटणारा पुरवठा. वेग कमी झाला की थर पातळ होतो. इंजिन सुरू करताना आणि बंद होताना झीज जास्त होते ती याचमुळे. पिस्टन तर प्रत्येक फेऱ्यात वर एकदा आणि खाली एकदा क्षणभर थांबतो. मिनिटाला ६५० फेरे घेणाऱ्या संथ इंजिनातही हे थांबणं १३०० वेळा होतं, आणि त्या क्षणी रिंगा आणि लायनर यांच्यामध्ये थर जवळपास नसतोच. तिथं कामाला येतात ती तेलात मिसळलेली जस्त आणि फॉस्फरसची रसायनं. ती धातूवर कातडीसारखा लेप धरतात. चांगल्या तेलाचे पैसे मोजायचे ते मुख्यतः या लेपासाठी आणि मळ धरून ठेवणाऱ्या द्रव्यांसाठी. फक्त दाटपणा हवा असेल तर तो स्वस्तातही मिळतो.

आमच्या विहिरीवरच्या इंजिनाचा मूळ पुरुष इंग्लंडमधल्या डर्स्ली गावचा. लिस्टर कंपनीचं ते संथ इंजिन १९३० च्या सुमारास बाजारात आलं आणि १९८७ पर्यंत बनत राहिलं. साडेचार इंचाचा बोअर, साडेपाच इंचाचा स्ट्रोक. पुढं राजकोटच्या कारखान्यांनी त्याच्या हुबेहूब प्रती काढल्या आणि त्या देशभरच्या विहिरींवर, पिठाच्या गिरण्यांत, उसाच्या रसाच्या चरकांवर गेल्या. पुण्याचं किर्लोस्कर, साताऱ्याचं कूपर ही आपल्याकडची घराणी निराळी. १५०० फेऱ्यांच्या वेगवान इंजिनांत दाबानं तेल पुरवणारा पंप असतो. संथ जातीच्या बहुतेक इंजिनांत मात्र पंप नाही, गाळणीही नाही. सेकंदाला जवळपास ११ वेळा तेलात बुडणारा तो एक चमचा, त्यानं उडवलेले शिंतोडे, आणि बेअरिंगांच्या घरांवर केलेले खळगे नि भोकं. ते शिंतोडे झेलून आत नेण्याचं काम या खळग्यांचं. सगळी व्यवस्था एवढीच.

इतकी साधी व्यवस्था बिघडते ती साध्याच कारणांनी. पातळी अर्धा इंच उतरली की चमचा तेलाला नुसता शिवतो. पातळी वर गेली तर सबंध कॅपच तेलात आपटते, फेस होतो, आणि फेसात हवा असते; हवेवर बेअरिंग तरंगत नाही. शिवाय जादा तेल रिंगांच्या वर चढतं, निळा धूर येतो आणि इंजिन तेल खातंय अशी बोंब होते. म्हणून तेलपट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये राहावं. पण तेलपट्टी खरं बोलेल ती इंजिन समतल असेल तरच. पाया एका बाजूनं खचला, किंवा गाड्यावर बसवलेलं इंजिन बांधाला तिरपं उभं केलं, की खूण बरोबर दिसते आणि चमच्याखालचं तेल मात्र कमी असतं. गवंड्याची लेव्हल फ्लायव्हीलच्या दोन्ही अंगांना एकदा ठेवून पाहा.

आणखी एक गोष्ट शेतकरी हमखास चुकीची समजतात. काही दिवसांत तेल कमी न होता वाढलेलं दिसलं, तर इंजिन तेल खात नाही म्हणून समाधान मानलं जातं. तेल आपोआप वाढत नाही. नोझल टपकत असेल तर न जळलेलं डिझेल लायनरवरून ओघळून तळात जमतं. लायनर धुतला जातो तो वेगळाच. तेलपट्टीवरचा थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाका. डिझेल असेल तर डागाभोवती तेलकट पातळ कडं भराभर पसरतं, आणि वासही येतो. अशा वेळी तेल बदलून उपयोग नाही, आधी नोझल दुरुस्त करून आणा. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायच्या पंपांत हाच प्रकार रॉकेलचा होतो. इंजिन पुरतं तापायच्या आत रॉकेलवर टाकलं की ते न जळता खाली उतरतं.

आता पाण्याकडे येतो. या विषयावर मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं, कारण इथली चूक आपण वर्षानुवर्षं कौतुकानं करत आलो आहोत. विहिरीवरच्या इंजिनाला पाण्याची ददात नसते. पंपाच्या पाइपाला नळी काढून जॅकेटमधून गार पाणी धो धो सोडायचं, इंजिन कसं थंडगार राहतं बघा! पण एक लिटर डिझेल जळलं की सुमारे एक लिटरभर पाणी तयार होतं. वाफेच्या रूपात ते सायलेन्सरवाटे बाहेर जावं अशी अपेक्षा असते. लायनर गार असला तर त्यातलं काही त्याच्या भिंतीवर दवासारखं धरतं. इंधनातल्या गंधकाचा धूर त्यात विरघळून आम्ल होतं आणि ते भिंत खातं. थंड चालणारा सिलिंडर गरम सिलिंडरपेक्षा कित्येक पट वेगानं झिजतो, हे ब्रिटनमधल्या मोटार अभियंत्यांनी १९३० च्या दशकातच प्रयोगांनी दाखवलं होतं. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून डिझेलमधलं गंधक दशलक्षात १० भागांवर आलं, त्यामुळे आम्लाचा त्रास पूर्वीइतका नाही. पाण्याचा आहेच. ते खाली उतरून तेलात मिसळलं की तेल ताकासारखं पांढुरकं होतं आणि थर धरण्याची त्याची ताकद जाते.

उपाय फुकट आहे. नळीला लावलेला कॉक आवळत जायचा. जॅकेटमधून बाहेर पडणाऱ्या पाइपाला हात क्षणभर टेकवता यावा, पण ठेवता येऊ नये, इतकं पाणी गरम हवं. दर वेळी भार देऊन किमान तासभर तरी चालवावं, म्हणजे तळातलं पाणी उडून जातं. सुरू करून दहा मिनिटांत बंद करण्याची सवय इंजिनाला फार महागात पडते.

क्रँककेसला एक छोटा श्वासमार्ग असतो, त्यात पातळ पत्र्याची झडप. पिस्टन खाली आला की आतली हवा तिथून बाहेर जाते आणि पिस्टन वर गेला की झडप मिटते, त्यामुळे आत किंचित ओढ राहते. ही झडप काजळीनं चिकटली की आतला दाब तेलाला क्रँकच्या टोकांतून बाहेर ढकलतो. मग सील बदला, पॅकिंग बदला, शेलॅक फासा, सगळं चालतं. झडप कुणी पाहत नाही. रॉकेलमध्ये धुऊन ती पुन्हा बसवायला पाच मिनिटं लागतात.

पोचण्याइतकंच महत्त्वाचं आहे ते तेलानं परत येताना काय आणलं. या इंजिनांना गाळणी नसल्यामुळे जे आत पडतं ते फिरत राहतं. नवीन इंजिनात सगळ्यात वाईट वस्तू म्हणजे वाळू. छोट्या फौंड्रीत ओतलेल्या क्रँककेसच्या कानाकोपऱ्यांत साच्याची वाळू चिकटून राहते, कधी तिच्यावरच रंग मारलेला असतो, आणि गरम तेल ती महिनाभर सोडत बसतं. नवं इंजिन घेतलं की दार उघडून, तळ तारेच्या ब्रशनं घासून, डिझेलनं धुऊन, पांढऱ्या फडक्यानं पुसावं. फडकं स्वच्छ निघेपर्यंत. मग तेल घालावं. ते पहिलं तेलही लवकर काढावं. माझ्या मते २० ते २५ तासांत. पुढं दर १०० तासांनी. १०० तास म्हणजे मिनिटाला ६५० फेऱ्यांच्या हिशेबानं ३९ लाख फेरे. तासांची नोंद ठेवायला इंजिनघराच्या भिंतीवर खडूच्या रेघा पुरतात.

काही हौशी लोक जुन्या लाउडस्पीकरचं चुंबक तळात ठेवतात. चांगलं आहे. लोखंडाचा चुरा त्याला चिकटतो आणि तेल बदलताना पुसून काढता येतो. पण वाळू, पितळ, व्हाइट मेटल यांना चुंबक काही करत नाही, म्हणून ते आहे म्हणून तेल जास्त दिवस चालवू नये. बाहेरून छोटा पंप आणि मोटारीची गाळणी जोडणारेही आहेत. रोज आठ-दहा तास चालणाऱ्या जनरेटरवर तो खर्च पटतो. वर्षातून तीन महिने चालणाऱ्या विहिरीवरच्या इंजिनाला वेळेवर बदललेलं तेल त्याहून बरं.

तेल कुठलं, हा वाद मिस्त्री मंडळींत फार जुना आहे. एक पक्ष म्हणतो, गाळणी नसलेल्या इंजिनात साधंच तेल घाला, म्हणजे मळ तळाशी बसतो. हल्लीची मळ धुणारी तेलं काजळी अंगात धरून फिरवत राहतात. दुसरा पक्ष म्हणतो, काजळीचे कण इतके बारीक असतात की ते तेलात तरंगत राहिलेलेच बरे, त्यांची ढेप झाली की रिंगा बसतात. मी दुसऱ्या पक्षाचा आहे, मात्र एका अटीवर. वर्षानुवर्षं साधं तेल घातलेल्या इंजिनात तळाला चिखल साचलेला असतो. नवं तेल तो सोडवून भोकांकडे घेऊन जातं. म्हणून तेलाची जात बदलताना तळ खरवडून धुतलाच पाहिजे.

दाटपणाबद्दल एकच सांगतो. ४० नंबरचं तेल ४० अंश सेल्सिअसला जेवढं दाट असतं, त्याच्या साधारण दहाव्या हिश्शावर ते १०० अंशांना येतं. विदर्भातल्या मे महिन्याच्या भीतीनं आणखी दाट तेल घालणारे विसरतात की पहाटे इंजिन सुरू होतं तेव्हा ते मधासारखं असतं, आणि चमच्याच्या बारीक भोकातून मध चढत नाही. इंजिनाच्या पाटीवर किंवा पुस्तकात जो नंबर दिला आहे तो बनवणाऱ्यानं भोकं मोजून दिलेला असतो. बाटलीतून मिळणारी 'इंजिनची ताकद वाढवणारी' औषधं मी कधीच घालत नाही आणि घालू नयेत असंच सांगतो.

वरच्या बाजूला रॉकर असतात. संथ जातीच्या जुन्या इंजिनांत तिथं खालचं तेल पोचतच नाही. सुरू करण्याआधी कुपीनं थेंब थेंब सोडायचे असतात. कुपी इंजिनघराच्या खिळ्याला टांगलेली असली की हे काम होतं, कपाटात ठेवली की होत नाही. आणि वंगणाचा खरा शत्रू तर हवेतून येतो. शेतातल्या धुळीतलं सिलिका बिडाच्या लायनरहून कठीण. मळणी यंत्राशेजारी चालणाऱ्या इंजिनाचा एअर फिल्टर एका दिवसात भरतो. त्या धुळीपुढं कुठलंही तेल हरतं.

पेट्रोलवरच्या छोट्या इंजिनांचं जग निराळं आहे, पण प्रश्न तोच. फवारणीच्या पंपांवर आणि छोट्या टिलरवर दिसणारं होंडाचं १६३ सीसीचं इंजिन घ्या. त्यात ६०० मिलीलिटरच्या आसपास तेल, तेही चमच्यानंच उडवलेलं. २० अंशांपेक्षा जास्त तिरपं चालवू नये असं त्याचं पुस्तक सांगतं. कोकणातल्या उतारावर हे ध्यानात ठेवावं लागतं. त्याच कंपनीनं खांद्यावरच्या गवतकापणी यंत्रासाठी ३५ सीसीचं चार स्ट्रोकचं इंजिन केलं, ते मात्र कसंही आडवं-उलटं धरलं तरी चालतं. तेल जेमतेम १०० मिलीलिटर, कपभर. आत फिरणारी पाती तेलाचं धुकं करते आणि पिस्टनच्या वरखाली होण्यानं जो दाब बदलतो त्याच्या लाटांवर ते धुकं व्हॉल्व्हपर्यंत जातं. वंगणाची याहून सुंदर योजना मी पाहिलेली नाही. पण कपभरच तेल असल्यामुळे त्यातलं चमचाभर कमी झालं तरी तो मोठा तुटवडा असतो, आणि ते काळंही लवकर होतं.

दोन स्ट्रोकच्या इंजिनात तेलाला परतीची वाटच नाही. पेट्रोलबरोबर येतं, काम करतं, जळून जातं. लिटरला २० मिली म्हणजे पन्नासास एक, हे प्रमाण पुष्कळांना पाठ असेल. जुन्या स्कूटरवाल्यांना आणखी एक गोष्ट माहीत होती. लांब घाट उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवला तर चाकं इंजिनाला फिरवत राहतात, पण पेट्रोल फारसं येत नाही, म्हणून तेलही फारसं येत नाही. अधूनमधून थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा तो पिस्टनला तेलाचा घोट मिळावा म्हणून. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांत तेल असंच जळून जाई, आणि ते चक्क एरंडेल असे, कारण पेट्रोल त्याला सहजी विरघळवत नाही. कॅस्ट्रॉल हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आलं, १९०९ मध्ये.

मोटारसायकलचं शंभर सीसीचं इंजिन लिटरभर तेलावर पिस्टन, गिअर आणि क्लच असे तीन संसार चालवतं. म्हणून तिच्यात मोटारीचं तेल घालू नये. त्यातली घर्षण कमी करणारी द्रव्यं क्लच घसरवतात. डब्यावर 'जासो एमए' ही खूण पाहून घ्या. पुष्कळ गाड्यांत जाळीची गाळणी आणि फिरून मळ कडेला फेकणारी वाटी असते. ती वाटी उघडून साफ करायला गॅरेजवाल्याला मुद्दाम सांगावं लागतं, नाहीतर राहून जाते.

शेवटी, काढलेल्या काळ्या तेलाविषयी. त्यात धातूचा चुरा, काजळी आणि कातडीला घातक असे पदार्थ असतात. २०१६ च्या नियमांनुसार ते धोकादायक कचऱ्यात मोडतं. आपल्याकडे ते वाळवीसाठी लाकडाला फासतात, सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात, आणि उरलेलं विहिरीच्या काठावर ओततात. विहिरीच्या काठावरची माती ते पाण्यात नेऊन सोडते, आणि त्याच विहिरीचं पाणी आपण पितो. तेल बदलाल तेव्हा ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा, आणि तालुक्याच्या ज्या गॅरेजात जुनं तेल गोळा करणारा माणूस येतो, तिथं नेऊन पोचवा.